आधी चेसिस नंबर सांगा

जुन्या गाडीचं वेड असलेल्या या गृहस्थांच्या गॅरेजात एमजी टीसी आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. ती रस्त्यावर धावताना पाहिलेली माणसं मात्र फार थोडी. उघड्या टपाची, दोघांपुरती, तारांच्या एकोणीस इंची चाकांची ही देखणी इंग्लिश गाडी १९४५ ते १९४९ या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. आता ती ताडपत्रीखाली असते. का, म्हणून विचारलं की उत्तर येतं, "पार्ट मिळतात हो. माहिती मिळत नाही."

माहिती म्हणजे मॅन्युअल. तुमच्या-आमच्या लेखी मॅन्युअल म्हणजे नव्या गाडीबरोबर येतं आणि पीयूसीच्या कागदाखाली डिकीत नाहीतर ग्लोव्ह बॉक्समध्ये जन्म काढतं ते पुस्तक. गृहस्थ यावर कीव आल्यासारखं हसतात. "ते मालकाचं. हवा किती, तेल कुठलं, एवढंच त्यात. काम करायचं तर वर्कशॉप मॅन्युअल हवं. आणि खोललेलं परत जोडायचं तर पार्ट्स कॅटलॉग! वॉशर आत की बाहेर, हे त्यातल्या चित्रातच कळतं."

यात खोटं काही नाही. वर्कशॉप मॅन्युअल कंपनीनं आपल्या शिकलेल्या मेकॅनिकसाठी लिहिलेलं असतं. त्याला जे येतं ते गाळलेलं असतं, आणि आपल्याला नेमकं तेच येत नसतं. ही गोम जॉन हेन्स या इंग्रजानं हेरली. हवाई दलाच्या नोकरीत एडनला असताना त्यानं मित्राची ऑस्टिन हीली स्प्राइट खोलली, जोडली, पायरीपायरीला फोटो काढले आणि १९६६ साली त्या गाडीचं पुस्तक छापलं. 'बसवताना उलट क्रमाने जावे' हे हेन्सच्या पुस्तकांतलं वाक्य पुढे गाडीवेड्यांच्या थट्टेचा विषय झालं. गृहस्थांना त्यात थट्टेसारखं काही दिसत नाही. ते उलट क्रमानंच जातात. फक्त शेवटी दोन बोल्ट उरतात.

मॅन्युअल मिळवण्यासाठी ते काहीही करतील. रविवारी पुण्याचा जुना बाजार, मुंबईला गेले की चोर बाजार. लंडनहून येणाऱ्या भाच्याला बजावलेलं असतं, चॉकलेटं नकोत, ब्लोअरनं लिहिलेलं एमजी मॅन्युअल आण. भाचा तो ठोकळा आणतो आणि स्वतःचे दोन स्वेटर तिकडेच ठेवून येतो. कोरं पुस्तक यांना फारसं आवडत नाही. ग्रीसचे अंगठे उमटलेलं हवं. "ज्या पानावर डाग जास्त, तो भाग जास्त बिघडतो," हा त्यांचा सिद्धान्त. आणि माझ्या मते सगळ्या मॅन्युअलांत न छापलेली सर्वांत उपयोगी माहिती हीच. पुस्तक मात्र ते पोथीसारखं सांभाळतात. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही, आणि वहिनींनी तर धुऊनही नाही.

तुम्ही काहीही विचारा, उत्तर एकच. "आधी चेसिस नंबर सांगा." कारण टीसीला टॅपेटचं अंतर गरम इंजिनावर एकोणीस थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग); पुढे टीसीनंतरच्या टीडीच्या इंजिनात कॅमशाफ्ट बदलला आणि ते बारावर आलं. नंबराशिवाय तोंड उघडणं त्यांना पाप वाटतं. तुमची गाडी मारुती असली तरी.

खरी गंमत मेकॅनिक उस्ताद आल्यावर. उस्तादानं आयुष्यात पुस्तक उघडलेलं नाही. तो कानानं काम करतो. या इंजिनाशी झटापट करून तो वैतागतो. "साहेब, हा बोल्ट इंग्लिश पान्यानं सुटतो, आणि इंग्लिश नट त्याला बसत नाही. भुताटकी आहे." गृहस्थांचा चेहरा उजळतो. मग साग्रसंगीत कथा. पहिल्या महायुद्धात हॉचकिस ही फ्रेंच कंपनी कॉव्हेंट्रीला आली, तिची यंत्रं मेट्रिक. १९२३ साली, पुढे एमजीची इंजिनं बनवणाऱ्या मॉरिसनं तो कारखाना घेतला, यंत्रं कोण बदलणार? मग आटे फ्रेंच मापाचे ठेवले आणि इंग्रजांचे पाने लागावेत म्हणून बोल्टाचं डोकं इंग्लिश! उस्ताद शांतपणे ऐकून घेतो आणि बाजारातला आठचा नवा बोल्ट रेटायला लागतो.

"थांब!"

हा 'थांब' लाखमोलाचा असतो. आठ मिलिमीटरच्या आजच्या साध्या बोल्टाचे आटे सव्वा मिलिमीटरचे, या इंजिनाचे एकाचे. दोन फेरे बसतो, तिसऱ्याला जोर लावला की ब्लॉकचे आटे गेलेच. असा ब्लॉक जुन्या बाजारात मिळत नाही. बॅटरीचंही तेच. या गाडीत प्लसची वायर बॉडीला जाते. मॅन्युअलच्या त्या पानाची झेरॉक्स लॅमिनेट करून त्यांनी बॅटरीच्या झाकणावरच चिकटवलीय, कारण बॅटरीवाल्याचा पोरगा दरवेळी नवा असतो.

उलटही घडतं. पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप टकटक करीत नाही. गृहस्थ पानं चाळतात, उस्ताद पंपावर पान्यानं हलकी टिचकी मारतो, आणि टकटक सुरू. गृहस्थ सगळी सूची पाहतात. टिचकी कुठंच नाही. मग ते खिशातून पेन्सिल काढून समासात बारीक अक्षरात लिहून ठेवतात: 'न चालल्यास टिचकी मारावी.' उस्तादाचं नाव आणि तारीख घालून.

तेव्हा वाचकहो, माळ्यावर एखादं जुनं मॅन्युअल असेल, एमजीचंच असं नाही, फियाटचं असो की हेराल्डचं, रद्दीत घालू नका. जवळपासचा असा गृहस्थ शोधा आणि त्याला देऊन टाका. फक्त दारातच द्या. 'आत या, चहा घ्या' म्हणालात, तर रात्रीच्या भाताला एक वाटी तांदूळ जास्त टाकावे लागतील.