उधारीवरची शांतता

जगाचा लष्करी खर्च २०२४ मध्ये २,७०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं वर्षाचं बजेट साडेपाच अब्जांच्या आसपास. म्हणजे लष्करावर शंभर रुपये उडतात तेव्हा शांतिसेनेसाठी वीस पैसे निघतात. तेही वेळेवर नाहीत.

हा उशीर कोण सोसतं ते पाहा. शांतिसैनिकामागे त्याच्या सरकारला दरमहा चौदाशे डॉलरहून थोडी जास्त भरपाई मिळते, सगळ्या देशांना एकाच दराने. सर्वाधिक सैनिक पाठवतात नेपाळ, रवांडा, बांगलादेश आणि भारत. जवानाचा पगार आधी त्यांच्या तिजोरीतून जातो, भरपाई मागाहून येते. बड्या सदस्यांनी वर्गणी थकवली की हीच बिलं लटकतात, आणि थकबाकीवर व्याज नाही. काठमांडू आणि ढाका आज वॉशिंग्टनची उधारी बिनव्याजी ओढत आहेत. हा उघड अन्याय आहे.

शांतिसेनेच्या बजेटमधली २६ टक्क्यांवर वर्गणी अमेरिकेच्या वाट्याला येते. पण २५ टक्क्यांवर द्यायचं नाही, असा कायदा तिथल्या काँग्रेसने १९९४ मध्येच केला. मोहिमांच्या बाजूने सुरक्षा परिषदेत हात मात्र वर होतच राहिला.

या दुखण्याची मुळं काँगोपर्यंत जातात. १९६० साली तिथे गेलेल्या शांतिसेनेचा खर्च द्यायला सोव्हिएत संघ आणि फ्रान्सने नकार दिला. १९६२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हा संघटनेचाच खर्च आहे. थकबाकीदारांचा मताधिकार काढा, असा आग्रह तेव्हा अमेरिकेने धरला होता. या वादापायी १९६४ चं आमसभेचं अधिवेशन जवळपास मतदानाविनाच गेलं. आज सर्वांत मोठी थकबाकीदार अमेरिकाच आहे. पैशाचा हा वाद चालू असतानाच त्याच काँगोत ५ डिसेंबर १९६१ रोजी शांतिसेनेतले भारतीय कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया लढताना पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शांतिसेनेत भारताने आजवर सुमारे १८० जवान गमावले, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त.

ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं: पैसे नाहीत, ९ मोहिमांतला साधारण दर चौथा सैनिक माघारी. दक्षिण सुदानमध्ये गस्त घटली की सरपणाला बाहेर पडणाऱ्या बाईला सोबत उरत नाही. वर्गणीच्या वादाची किंमत ती मोजते.

थकबाकीवर व्याज लावा आणि ते सैनिक पाठवणाऱ्या देशांना थेट द्या. भारत सुरक्षा परिषदेतल्या कायम जागेसाठी जितका हट्ट धरतो, तितकाच या बिलासाठीही धरायला हवा.