चावी कुणाच्या नंबरावर?

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात सीना नदीचं पाणी घरांत शिरलं. ते ओसरल्यावर ओल्या गोधड्यांशेजारी बाजेवर कागद वाळत पडले होते : रेशनकार्ड, पासबुक, लेकराची मार्कशीट. मार्कशीट उचलायला गेलं की हातात कोपरा यायचा. शिक्क्याची जांभळी शाई मार्कांवर पसरलेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात सास्तूरकडं भिंती कोसळल्या, तेव्हाही माणसांबरोबर पेट्या दगडमातीखाली गेल्या होत्या. त्या वेळी इलाज नव्हता. आज तो आहे, फुकट आहे, आणि तरी आपण पत्र्याच्या पेटीवरच भिस्त ठेवतो, याचा मला राग येतो.

सरकारचं डिजिलॉकर २०१५ पासून सुरू आहे. आधार, लायसन, आरसी, बोर्डाची मार्कशीट हे कागद देणाऱ्या खात्याकडूनच तिथं येतात आणि कायद्यानं मूळ कागदाइतकेच ग्राह्य असतात. आपण फोटो काढून चढवलेल्या कागदांना १ जीबी जागा मिळते, पण तो फोटो फोटोच राहतो. कचेरीच्या खिडकीवर हटून उभं राहायचं असेल, तर हा फरक पक्का माहीत हवा.

बाकी कागदांना गूगल ड्राइव्ह पुरतं. खात्यामागं १५ जीबी फुकट. एका कागदाचा फोटो २ एमबीचा धरला, तरी १ जीबीत पाचशे कागद बसतात. तीन पिढ्यांचे मिळून तरी एवढे निघतील का? मग ‘स्टोरेज फुल’ का येतं? कारण १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमध्ये जाणारा प्रत्येक नवा फोटो याच १५ जीबीत मोजला जातो. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच. महिना १३० रुपये भरून १०० जीबी घ्यायच्या आधी व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये जा आणि व्हिडिओ बंद करा. वरातीचे आणि शुभ सकाळचे व्हिडिओ सांभाळायला पैसे कशाला मोजायचे?

पण जागेपेक्षा मला चावीची काळजी जास्त वाटते. फॉर्म भरायला आपण सेवा केंद्रावर जातो. तिथला पोरगा ईमेल काढून देतो, पासवर्ड तोच ठरवतो, वहीत लिहितो, रिकव्हरीला स्वतःचा नंबर टाकतो. त्याच्या मनात पाप नसतं, मागं रांग असते. माझ्या पुतणीचं खातं असंच निघालं. शिकायला पुण्याला गेली, फोन बदलला, आणि ओटीपी त्या पोराच्या बंद पडलेल्या सिमवर जात राहिला. दाखले आत, ती बाहेर. शिवाय दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं.

म्हणून आज एवढं करा. खात्याला कुणाचा नंबर आहे, ते उघडून बघा. घरातला, रिचार्ज चालू असलेला नंबर टाका. पासवर्ड बदला, घरातल्या वहीत लिहा. कागदांचं फोल्डर बहिणीला किंवा भावाला शेअर करा, म्हणजे एक फोन पाण्यात गेला तरी दुसरा असतो.

जुना कागद तर आधी टिपा. २०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकाळच्या दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द सापडावा म्हणून माणसांनी कचेऱ्यांच्या किती चकरा मारल्या, ते या जिल्ह्यानं पाहिलंय.

परवा आईची पेटी उघडली. डांबरगोळ्यांच्या वासात, धडप्यात बांधलेलं खरेदीखत निघालं. आईनं ते चार घड्यांत जपलं होतं. उलगडलं, तर घड्या जिथं एकमेकींना छेदतात तिथं भोक, आणि नेमकं गट नंबरावर. आई म्हणाली, “मागल्या साली वाचता येत होता की रं.” मी फोटो काढला. भोकाचाही आला.

आता दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून नक्कल काढायची आहे. सोमवारी अर्ज देतो.