एकोपा वारला, भाग्य हद्दपार

प्राचीन रोममध्ये पानभर जाहिराती द्यायला वर्तमानपत्रं नव्हती. म्हणून सरकारचं काही अडलं असेल असं समजू नका. जाहिरात थेट रयतेच्या बटव्यात जात असे. ब्राँझच्या नाण्यावर पुढे सम्राटाचा मुखडा आणि मागे एखादी देवी: हातात सुकाणू असलं तर भाग्य, कणसं असली तर धान्यपुरवठा. शेजारी ‘एस सी’ ही अक्षरं, म्हणजे सिनेटच्या ठरावाने. त्या सिनेटला सम्राटापुढे ‘नाही’ म्हणायची सोय किती होती, एवढा तपशील नाण्यावर मावत नसावा.

सम्राट कॅलिग्युलाने तर देव्या घरातूनच पुरवल्या. त्याच्या इसवी सन ३७-३८ सालच्या सेस्टर्शियस या नाण्यावर त्याच्या तिघी बहिणी ओळीने उभ्या आहेत: अग्रिपिना म्हणजे सुरक्षितता, द्रुसिला म्हणजे एकोपा, युलिया म्हणजे भाग्य. पैकी एकोपा ३८ साली वारला. सुरक्षितता आणि भाग्य या दोघींना ३९ साली खुद्द भावाने कटाच्या आरोपावरून हद्दपार केलं. घराणेशाहीवर टीका करणाऱ्यांनी निदान हा पारदर्शक कारभार तरी लक्षात घ्यावा.

पुढे सम्राट नीरोने नाण्यावर जेनस देवाच्या देवळाचं बंद दार छापलं. दार बंद म्हणजे युद्ध बंद. जमिनीवर आणि समुद्रावर शांतता नांदते आहे, असा मजकूरही सोबत होता. ६६ साली ज्यूडिया प्रांतात बंड पेटलं. ते मोडायला नीरोने ज्या व्हेस्पेशियनला धाडलं, तोच पुढे सम्राट झाला आणि त्याने खजुराच्या झाडाखाली रडणारी ज्यूडिया नाण्यावर बसवली. तीही शांतताच म्हणा, फक्त रडणारी.

पण प्रसिद्धी खात्याची खरी कमाल चौथ्या शतकातली. ३४८च्या सुमारास कॉन्स्टँशियस दुसरा आणि कॉन्स्टन्स या सम्राटबंधूंनी नवं नाणं काढलं. घोषणा होती: ‘सुखाचे दिवस परत आले.’ सुख कसलं? एका प्रकारावर रोमन शिपाई घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला खुपसतो आहे. त्या शत्रूचं मत कोणी विचारलेलं दिसत नाही. दोनच वर्षांत, ३५० साली, कॉन्स्टन्सचा खून झाला. सत्ता बळकावली ती त्याच्याच सेनाधिकाऱ्याने. घोषणा चालूच राहिली. नाणं मात्र वर्षागणिक लहान आणि हलकं होत गेलं.

सुखाच्या दिवसांची ही नाणी इतकी भरमसाट पाडली गेली, की आज प्राचीन नाण्यांच्या बाजारात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्यांत त्यांचा नंबर लागतो.