टेकडीचे दर्शन, टँकरचे पाणी

पुण्याच्या धायरी भागातील सदनिकांच्या जाहिरातींत आढळणाऱ्या ‘निसर्गाच्या कुशीत’ या शब्दप्रयोगाचा व्यावहारिक अर्थ असा की खिडकीतून सिंहगड दिसतो, निदान समोरची इमारत सातव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तरी दिसतो. गुंठा, म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, शेतकऱ्याच्या लेखी पिकाने मोजला जाई. आता तो १०८९ चौरस फूट झाला असून सातबाऱ्यावरील, म्हणजे जमिनीचा हक्क व पीक नोंदविणाऱ्या उताऱ्यावरील, पिकाचा रकाना केवळ शोभेचा उरला आहे. २०१७ मध्ये गाव महापालिकेत आले. तरी, खडकवासला धरण काही किलोमीटरवर असूनही, धारेश्वर मंदिराच्या टेकडीखालील सोसायट्यांच्या फाटकात टँकरच पाइप सोडतो, आणि माहितीपत्रकातील ‘खळाळते पाणी’ ते बहुधा हेच.