हर्ण्यात कंबर सरळ करण्याची रीतसर पद्धत

कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल तरच पुढे वाचावे. बारा आठवडे भरल्याशिवाय वैद्यकशास्त्र कंबरदुखीला ‘जुनाट’ ही पदवी देत नाही, आणि हर्ण्यात तर त्याहून कमी दिवसांच्या दुखण्याला कोणी दुखणेच समजत नाही. पात्रता सिद्ध झाल्यास दापोलीहून एसटी धरावी. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर, वाटेत आसूदची वळणे. सीट मागच्या चाकावरचीच घ्यावी. नेमके कुठे दुखते हे उतरेपर्यंत एक्स-रेशिवाय कळते.

दुपारी चारच्या सुमारास बंदरावर मासळीचा लिलाव सुरू होतो. तिथल्या घोळक्यात शिरून एक हात कमरेवर ठेवावा, ‘आई गं’ म्हणावे आणि गप्प उभे राहावे. निदान फुकट होते. एक म्हणतो, उसण भरली. दुसरा म्हणतो, गादी सरकली. तिसरा मुंबईत नोकरी करून आलेला असतो, त्याला थेट मणक्याचा नंबर ठाऊक असतो. वाद घालू नये, घातल्यास चौथा येतो. मग उपाय सुरू होतात: निर्गुंडीचा पाला, गरम विटेचा शेक, रात्री एरंडेल, फळीवर झोपणे. शेवटी सगळ्यांचे ज्यावर एकमत होते तो रामबाण, म्हणजे पायाळू माणसाची कमरेत लाथ.

या उपचारात मुख्य अडचण पुरवठ्याची आहे. मूल पायाकडून येतेय असे दिसले की डॉक्टर हल्ली बहुधा सिझेरियन करतात, त्यामुळे तरुण पिढीत अस्सल पायाळू मिळणे कठीण. मिळालाच, तर आधी त्याची स्वतःची कंबर ठीक आहे ना, हे विचारून घ्यावे. गुण मात्र हटकून येतो. उसण तशीही काही दिवसांत उतरते. श्रेय लाथेला जाते.

लाथ नको असणाऱ्या सुशिक्षितांसाठी एमआरआय आहे. अहवालात ‘चकतीची झीज’ हे शब्द आले की घरातल्या सर्वांनी गंभीर व्हायचे असते. कंबर मुळीच न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. पण ही माहिती अहवाल फ्रेम करून झाल्यावरच वाचावी, नाहीतर मजा जाते.

कमरेच्या पट्ट्याचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पट्टे आणि वजने लावून ताणणे नको म्हटले आहे आणि व्यायाम सुचवला आहे. तरी पट्टा असावा. पट्टेवाल्याला एसटीत जागा मिळते.

आता प्रात्यक्षिक. मोठ्या बोटी आत खोल पाण्यात नांगरायच्या आणि मासळी लहान होड्यांनी, बैलगाड्यांनी किनाऱ्याला आणायची, ही इथली जुनी रीत. कंबरभर पाण्यात उभे राहून माणसे ओझी उतरवतात. आपण फक्त एका बाईकडे बघावे. बांगड्यांनी भरलेली टोपली उचलायची असते तेव्हा ती आधी गुडघ्यांत बसते, टोपली अंगाशी ओढते आणि बाजूच्या बाईला म्हणते, ‘‘जरा हात लाव गं.’’ दोघी मिळून टोपली डोक्यावर चढवतात. एकटीने वाकून, हात लांब करून, हिसका देऊन कोणी उचलत नाही. तसे आपण गॅसच्या सिलिंडरला करतो.

त्यांच्या कमरा दुखत नाहीत, असा शहाणा निष्कर्ष मात्र काढू नये. विचारून बघावे. दुखतात, चांगल्याच दुखतात. पण दुखते म्हणून पंधरा दिवस आडवे पडायची चैन परवडत नाही. पडून राहिल्याने कंबर आणखी आखडते, हे डॉक्टर आता सांगतात.

म्हणून चालावे. हा उपाय फुकट असल्यामुळे कोणाला पटत नाही. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांवरचा ऑस्ट्रेलियातला प्रयोग २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला: ज्यांना शिकवून, हळूहळू वाढवत चालायला लावले त्यांचे दुखणे मध्यक धरता २०८ दिवसांनी परतले, इतरांचे ११२ दिवसांतच. हर्ण्यात बंदरापासून कनकदुर्गावरच्या दीपगृहाकडे चढावे. दम लागला तर समोरचा सुवर्णदुर्ग बघायचे निमित्त आहेच. १७५५मध्ये इंग्रज कमोडोर जेम्सने तो घेतला आणि तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराची कंबर जी खचली, ती पुढच्या वर्षी विजयदुर्गही गेल्यावर पुन्हा सरळ झाली नाही. त्या कमरेवर चालण्याचा उपाय नव्हता. आपल्या कमरेवर आहे.

एवढे मात्र थट्टेत घेऊ नये. लघवी अडली किंवा आवरेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, किंवा दुखण्यासोबत ताप येऊ लागला, कारण नसताना वजन उतरू लागले, तर पाला, लाथ, चालणे सगळे सोडून दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. पहिल्या तिन्हींत तर त्याच दिवशी, लिलाव संपायची वाट न बघता.