पैसे देण्याआधी पेनड्राइव्ह लावा

‘लिनक्सा? अदुल गेम ओडादु, सार.’

त्यावर गेम चालत नाहीत. चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर त्या शनिवारी हे वाक्य आम्ही चौथ्या दुकानात ऐकलं. चौघंही ठामपणे सांगत होते, आणि ‘तुम्ही कधी लावून बघितलंय का?’ म्हटल्यावर चौघंही गप्प. बरोबर भाचा होता. गिंडीला शिकतो, हॉस्टेलवर राहतो. दीड वर्ष शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून स्वतःचा पहिला पीसी जुळवायला निघाला होता. ‘मामा, जाऊ दे ना, विंडोजच टाकू,’ असं तो म्हणाला तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं. दुकानदार ‘फ्री’ म्हणून घालून देतो ते विंडोज चोरीचं असतं. भाच्याला ते ठाऊक होतं, मलाही. अँटिव्हायरस बंद करून चालवलेल्या त्या क्रॅकबरोबर आणखी काय आत शिरलं, हे कोणी तपासत नाही. आणि त्याच पीसीवरून पोरं फी भरतात, बँकेचं खातं उघडतात.

‘ओडादु’ हे दहा वर्षांपूर्वी बव्हंशी खरं होतं. आज ते आळसाचं उत्तर आहे, आणि पोरांच्या साठवलेल्या पैशांवर कोणी आळसाचं उत्तर दिलेलं मला खपत नाही.

झालं काय ते सांगतो. स्टीम हे गेमचं मोठं दुकान लिनक्सवर आलं फेब्रुवारी 2013 मध्ये. पण गेम लिहिलेले विंडोजसाठी, त्यामुळे फळ्या रिकाम्याच होत्या. फिलिप रेबोले नावाच्या एका प्रोग्रामरला ‘निअर: ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. विंडोजचा गेम ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतो. लिनक्सकडे व्हल्कन आहे. रेबोलेने मधला दुभाषा लिहिला, त्याचं नाव डीएक्सव्हीके. स्टीमवाल्या व्हॉल्व कंपनीने त्याला पाठबळ दिलं, 1993 पासून चालत आलेल्या वाइन या प्रकल्पाशी ते जोडलं आणि ऑगस्ट 2018 मध्ये प्रोटॉन म्हणून बाहेर काढलं. तेव्हापासून विंडोजचा गेम लिनक्सवर ‘इन्स्टॉल’ दाबून उतरतो आणि ‘प्ले’ दाबून सुरू होतो. सगळे नाही, पण एकट्याने खेळायचे बहुतेक गेम चालतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने 2020 मध्ये काढलेला ‘राजी’ घ्या. आपल्याच गावच्या लोकांनी केलेला गेम, पण लिनक्ससाठी वेगळा काढलेला नाही. तिथे वाट प्रोटॉनचीच. ऑक्टोबर 2025 मध्ये स्टीमवर खेळणाऱ्यांत लिनक्सवाल्यांचा वाटा पहिल्यांदा तीन टक्क्यांच्या वर गेला. आकडा लहान आहे. पण ‘चालतच नाही’ म्हणणाऱ्याला तेवढा पुरे.

आणि ‘ओडादु’ हे उत्तर कुठे मिळतं? चेन्नईत. भारत सरकारचं स्वतःचं लिनक्स, बॉस, ज्या शहरात तयार झालं तिथे! तारामणीच्या टायडेल पार्कमधल्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या लोकांनी डेबियनवर ते बांधलं, 2007 च्या सुरुवातीला पहिली आवृत्ती आली, तमिळ, मराठीसकट आपल्या भाषा त्यात घातल्या. 15 सप्टेंबर 2011 पासून तमिळनाडू सरकारने सरकारी आणि अनुदानित शाळा-कॉलेजांतल्या लाखो मुलांना फुकट लॅपटॉप वाटायला सुरुवात केली, त्यांत विंडोजच्या शेजारी हे बॉसही बसवून दिलं. एवढ्या पोरांच्या हातात लिनक्स देणारी राज्यं जगात किती असतील? आणि पोरांनी काय केलं? कित्येकांनी आठवडाभरात तो भाग पुसला आणि ती जागा सिनेमांना दिली. त्यात पोरांचा काहीच दोष नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला संगणक आपलासा होतो तो खेळातून. त्याला वर्ड प्रोसेसर दाखवाल तर तो जांभई देईल. लिनक्स नेणाऱ्यांनी खेळाकडे ‘टाइमपास’ म्हणून पाठ फिरवली, तिथे त्यांनी एक पिढी घालवली. हे मी एकट्या सी-डॅकबद्दल म्हणत नाही. मुक्त सॉफ्टवेअरवर भाषणं देणारे आम्ही सगळेच त्यात आलो.

आता ग्राफिक्स कार्ड.

दुकानात कोणी गिगाबाइट सांगेल, कोणी पंख्यांचे रंगीत दिवे दाखवील. लिनक्सवाल्याने विचारायचं एकच: या कार्डाचा ड्रायव्हर कुठून येतो? एएमडीच्या रेडिऑन कार्डांचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच असतो, उरलेला भाग मेसा या खुल्या प्रकल्पात. कार्ड खोचलं, मशीन चालू केलं, चित्र आलं. काही उतरवायचं नाही. व्हॉल्वच्या स्टीम डेक या हातात धरायच्या गेम-यंत्रात चिप एएमडीचीच आहे, म्हणून व्हॉल्वची माणसं पगार घेऊन याच ड्रायव्हरवर हात फिरवत असतात, आणि त्याचा फायदा रिची स्ट्रीटवरून घेतलेल्या कार्डालाही मिळतो. एनव्हिडियाने मे 2022 मध्ये ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, पूर्वीपेक्षा परिस्थिती पुष्कळ सुधारली. पण मुख्य भाग अजून बंद डब्यात आहे आणि डायरेक्टएक्स 12 चे गेम त्या कार्डांवर विंडोजच्या मानाने मंदावतात. भाच्याला एआय शिकायचं असतं, त्यासाठी एनव्हिडियाचं कूडा लागणार असतं, तर मी स्वतः त्याला एनव्हिडियाच घ्यायला लावलं असतं. त्याला खेळायचं आहे. म्हणून रेडिऑन.

जुन्या मालात हा फरक पैशांत दिसतो. रिची स्ट्रीटच्या आतल्या गल्ल्यांत जीटीएक्स 1050, 1060 अजून काचेआड मांडलेली असतात, स्वस्त आणि चकाचक पुसलेली. 2025 च्या अखेरीस एनव्हिडियाने नव्या लिनक्स ड्रायव्हरमधून या पिढीला वगळलं. कार्ड जिवंत आहे, पण कंपनीने हात सोडला की तुम्ही काही करू शकत नाही. त्याच वर्षी व्हॉल्वसाठी काम करणारा एक प्रोग्रामर एएमडीच्या 2012 च्या सुमाराच्या कार्डांसाठी नवा ड्रायव्हर नीट करत बसला होता. एचडी 7000 मालिका, आठवते? तेरा वर्षं जुनी कार्डं! कंपनीला त्यात एक पैसा नाही. कोड उघडा आहे म्हणून कोणीतरी करू शकलं. सेकंडहँड घेणाऱ्या पोराला हे कोणी सांगत नाही, आणि त्यालाच ते सगळ्यात आधी कळायला हवं.

आम्ही आरएक्स 6600 घेतलं, 8 जीबीचं. 2021 चं कार्ड, 1080पी पडद्याला पुरतं, आणि वीज खातं साधारण 132 वॉट. हा वॉटचा आकडा पुण्यात दुय्यम असेल, इथे नाही. मे महिन्यात ‘कत्तिरी वेयिल’ सुरू होतं तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत रात्री दहालाही भिंतीला हात लावला तर गरम लागते. अडीचशे वॉटचं कार्ड म्हणजे त्या खोलीत आणखी एक शेगडी. पीसीचा डबा घेताना समोर काच नको, जाळी हवी. आणि तिरुवान्मियूर, बेझंटनगरकडे राहत असाल तर महिन्यातून एकदा आतली धूळ काढाच. समुद्राच्या दमट वाऱ्यात ती चिकट होऊन पंख्याला धरते. यूपीएसला पर्याय नाही. अपडेट चालू असताना वीज गेली तर कोणतीही सिस्टीम रुसते.

ज्यांना एवढंही परवडत नाही, त्यांनी वेगळ्या कार्डाचा नाद सोडून रायझन 5 8600जी सारखा, ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर घ्यावा. तिथे एक गोष्ट विसरायची नाही: 16 जीबीची एक रॅम घेऊ नका, 8-8 च्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दोन रस्ते मिळतात. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले की दुकानदार एक पट्टी टेकवून ‘दुसरी नंतर टाका’ म्हणतो. नंतर कोणी टाकत नाही.

अगदी नवं कार्डही नको. गेल्या महिन्यात बाजारात आलेलं कार्ड दोन वर्षं जुन्या कर्नलला ओळखू येत नाही. नवं कार्ड घ्यायचं तर फेडोरासारखं ताजं लिनक्स हवं. मॉनिटर डिस्प्लेपोर्टला जोडा. एचडीएमआय 2.1 खुल्या ड्रायव्हरमध्ये घालायची एएमडीची तयारी होती, पण त्याचे नियम सांभाळणाऱ्या एचडीएमआय फोरमने 2024 मध्ये नकार दिला. म्हणजे हार्डवेअर आहे, प्रोग्राम लिहायला माणसं आहेत, आणि कागदावरच्या नियमामुळे ग्राहकाचा पडदा अडकतो. याला माझा शब्द एकच आहे: अन्याय. वायफाय इंटेलचं बघून घ्या. मी एकदा न विचारता लॅपटॉप घेतला होता, त्याच्या वायफायने मला सहा महिने फोनच्या हॉटस्पॉटवर ठेवलं. गेमपॅडची मात्र चिंता नको. प्लेस्टेशनच्या पॅडचा ड्रायव्हर खुद्द सोनीने 2021 मध्ये कर्नलमध्ये दिला.

एक गोष्ट लपवायची नाही. तुमचं पोरगं व्हॅलोरंट खेळत असेल तर त्याचं विंडोज काढू नका. त्या गेमचा व्हॅनगार्ड हा चीटिंग रोखणारा पहारेकरी विंडोजच्या कर्नलमध्ये बसतो, लिनक्सवर तो नाहीच. फोर्टनाइटचंही तेच. एपेक्स लेजंड्स चालत होता, ऑक्टोबर 2024 अखेर तोही बंद केला. यात लिनक्सची कुवत कमी पडलेली नाही. ईझी अँटिचीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी 2021 मध्येच दार उघडलं होतं, पुढचं कंपन्यांच्या मर्जीवर राहिलं. पण पोराचे मित्र संध्याकाळी व्हॅलोरंटवर जमत असतील तर त्याला तत्त्व शिकवायला जाऊ नका. काउंटर-स्ट्राइक 2 आणि डोटा 2 खेळणाऱ्यांना काहीच अडचण नाही, ते थेट लिनक्सवर चालतात.

आणि या शहरात खेळ म्हटला की आधी बुद्धिबळ. आनंदचं गाव, गुकेशचं गाव. 2022 चं ऑलिम्पियाड ममल्लपुरमला झालं. इथे दर दुसऱ्या सोसायटीत कोणाचं तरी पोर क्लासला जातं आणि आईबाप त्याच्यासाठी ‘गेमिंग पीसी’ बघायला येतात. त्यांना ग्राफिक्स कार्ड विकणं ही फसवणूक आहे. स्टॉकफिश हे जगातलं सर्वांत बलाढ्य इंजिन फुकट आहे, खुलं आहे, लिनक्सवर मूळचंच चालतं आणि त्याला लागतात प्रोसेसरचे कोअर. कार्डाचे पैसे तिकडे लावा.

पाचव्या दुकानात मी वाद घातलाच नाही. खिशातून फेडोराची पेनड्राइव्ह काढली आणि म्हटलं, ‘अण्णा, पैसे देतो, आधी यावरून चालू करून दाखवा.’ ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन डिस्कला हात न लावता सुरू होतं. टर्मिनल उघडायचं, ‘एलएसपीसीआय’ला ‘के’ जोडून चालवायचं. कार्डाच्या ओळीखाली ‘एएमडीजीपीयू’ दिसलं की ड्रायव्हर बसला. वायफायची यादी येते का, आवाज येतो का, झोपवलेलं मशीन पुन्हा जागं होतं का, एवढं बघायला दहा मिनिटं लागतात. अण्णा आधी कुरकुरले, मग खुर्ची ओढून बसले. पडदा आला, वायफाय आलं. भाच्याने फोनच्या वायरने पॅड लावलं तेही ओळखलं गेलं.

हे सगळं एक पोरगा स्क्रूड्रायव्हर हातात धरून बघत होता. दुकानात कामाला असलेला, विशीतला. अण्णा बिल करायला वळले तसा तो हळूच म्हणाला, ‘सार, शाळेतला गव्हर्मेंट लॅपटॉप घरी पडलाय. बॅटरी गेली. त्यातही एएमडीचाच स्टिकर आहे.’ बॉस होतं का त्यात, विचारलं. ‘होतं सार. गेम नाही म्हणून डिलीट केलं.’

मी त्याला सांगितलं, चार्जर लावून चालू होतो का बघ, आणि पुढच्या शनिवारी घेऊन ये. मोठे गेम पेलणार नाहीत त्याला. डिस्क जुनी असेल तर एसएसडी बसवावी लागेल, ती याच गल्लीत मिळेल. पेनड्राइव्ह मी त्याच्याकडेच ठेवून आलो.