टेलकोटातली शिस्त

ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या बुलिंग्डन क्लबचे कौतुक करावे तेवढे थोडेच. अठराव्या शतकात तो निघाला क्रिकेट आणि शिकारीसाठी. पण चेंडूने एका वेळी एकच काच फुटते, ही अडचण सभासदांच्या ध्यानात आली असावी. १८९४ साली क्राइस्ट चर्च कॉलेजच्या पेकवॉटर चौकात त्यांनी एका रात्रीत ४६८ काचा फोडल्या. मोजणाऱ्याचीही कमाल!

निळा टेलकोट, पितळी बटणे, जेवणानंतर बशांचा चुरा आणि नुकसानभरपाई रोख. टेलकोट नसेल तर याला दंगल म्हणतात.

क्लबच्या १९८७च्या समूहछायाचित्रातले डेव्हिड कॅमेरॉन आणि बोरिस जॉन्सन पुढे पंतप्रधान झाले. २०१६मध्ये कॅमेरॉन यांनी ब्रिटनने युरोपीय संघात राहावे का यावर सार्वमत घेतले, हरले आणि पानावरून उठले. बिल कोणाच्या टेबलावर ठेवायचे, हे वेटरला अजून उमगलेले नाही.